मेळघाटचे सागवान आणि वाळवीचा प्रश्न

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत लाकूड टिकवण्याची विद्या फार काळ रसायनांवाचून चालली, आणि त्याचे मुख्य कारण उत्तरेच्या सातपुड्यात, म्हणजे मेळघाटात, उभे होते. सागासारखे झाड हाताशी असलेल्या प्रदेशाला लाकडावर औषधोपचार करण्याची गरज उशिरा भासते. तोवर झाडाची निवड, तोडीची वेळ आणि घरातील जागा या तीन गोष्टी सांभाळल्या की पुरते. म्हणून वऱ्हाडातील लाकूडसंरक्षणाचा इतिहास सुताराच्या पारखीपासून सुरू करावा लागतो. रसायन या इतिहासात आगगाडीबरोबर येते, आणि तेही बाहेरून.

लाकडाचे मुख्य शत्रू तीन. पहिला बुरशी, जी ओल धरलेल्या लाकडाचे घटकच विघटित करते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिला तर तिची वाढ होत नाही. दुसरा वाळवी किंवा उधई, जी जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत वर चढते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतले लाकूड खाते. तिसरे भुंगेरे, ज्यांच्या अळ्या लाकडातील पिष्टावर जगतात आणि ज्यांची हजेरी तुळईखाली पडलेल्या बारीक पिठावरून कळते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळी जमीन या तिघांपैकी पहिल्या दोघांना विशेष मानवते, कारण ती पावसाचे पाणी महिनोन्महिने धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा देते. अशा जमिनीत पुरलेला खांब सर्वांत आधी मातीच्या पातळीशी, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही एकत्र मिळतात त्या वीतभर पट्ट्यात, कुजतो. वरचा आणि अगदी खालचा भाग पुष्कळदा धडधाकट निघतो.

सागाच्या टिकाऊपणाचे श्रेय संपूर्ण झाडाला देण्याची रीत असली, तरी ते त्याच्या मध्यकाष्ठाचे, म्हणजे मधल्या पिकलेल्या सोनेरी-तपकिरी गाभ्याचे आहे. गाभा तयार होताना झाड त्यात टेक्टोक्विनोनसारखी नैसर्गिक द्रव्ये साठवते आणि ती वाळवीला व बुरशीला रोखतात. सालीलगतच्या फिकट थरात, ज्याला रसकाष्ठ म्हणतात आणि ज्यातून जिवंत झाडात पाणी वर चढते, ही द्रव्ये जवळजवळ नसतात, त्यामुळे सागाचेही रसकाष्ठ किडते. जुना सुतार चौकटीसाठी लाकूड काढताना हा पांढरा भाग तासून टाकत असे, तो याच अनुभवामुळे. सातपुड्याच्या पायथ्याच्या आणि अकोल्याकडील कोरड्या टेकड्यांवरचा अंजन तर सागाहून कितीतरी जड व कठीण आहे, इतका की करवतीची धार लवकर जाते. याउलट त्याच टेकड्यांवरची सालई मऊ, हलकी आणि अल्पायुषी. बाभूळ या दोहोंच्या मधली. तिचे ओंडके काही काळ पाण्यात बुडवून ठेवून मग बंडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे करण्याची पद्धत होती; पाण्यात राहिल्याने लाकडातील विद्राव्य द्रव्ये निघून जातात आणि भुंगेऱ्यांचे खाद्य कमी होते, हे स्पष्टीकरण नंतरच्या काळातले, कृती मात्र त्याआधीची.

घरबांधणीत हीच जाण अधिक सूक्ष्म रूपात दिसते. वऱ्हाडातील जुन्या वाड्यांत आणि धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घरांत खांब थेट जमिनीत रोवलेला नसतो; तो दगडी उथळ्यावर उभा असतो. उथळा म्हणजे खांबाच्या तळाशी बसवलेला घडीव दगड, जो मातीतली ओल लाकडापर्यंत येऊ देत नाही आणि वाळवीला आपली नळी उघड्या दगडावरून न्यायला लावतो, म्हणजे ती घरच्या माणसांच्या नजरेस पडते आणि झाडूने मोडता येते. या एका दगडाने वऱ्हाडात जितके लाकूड वाचवले असेल तितके कोणत्याही औषधाने क्वचितच वाचवले असेल. घराचे मर्मस्थान मग खांब न राहता म्यालाचे, म्हणजे मुख्य तुळईचे, भिंतीत गाडलेले टोक ठरते. धाबे गळू लागले की ओल तेथे मुरते आणि बाहेरून कोरी दिसणारी तुळई आतून पोकळ होते. बाह्य लेपांमध्ये जवसाचे तेल, पुढे डांबर, आणि मध्य भारतात बिब्याचे दाहक तेल वापरले जाई. खुंटाचे टोक जाळून पुरण्याची चालही होती. तिच्यावरचा विश्वास मात्र फारसा सार्थ नव्हता: कोळशाचा थर स्वतः कुजत नाही हे खरे, परंतु त्याला पडलेल्या भेगांतून ओल व बुरशी आत शिरते, आणि विसाव्या शतकातील क्षेत्रीय चाचण्यांत नुसत्या जाळलेल्या खांबांचे आयुष्य लक्षणीय वाढलेले आढळले नाही. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा या समजुतीतील चंद्राचा भाग सिद्ध करणे अवघड आहे. ऋतूचा भाग मात्र अर्थपूर्ण आहे, कारण बांबूतील पिष्टाचे प्रमाण ऋतुमानाप्रमाणे बदलते आणि पिष्ट जितके कमी तितकी कीड कमी.

मेळघाटातील कोरकू समाज मृतांच्या स्मरणार्थ ‘मुंडा’ नावाचा कोरीव लाकडी स्तंभ उभारतो. त्यावर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार कोरलेले असतात. उथळा नाही, छप्पर नाही, लेप नाही, अशा अवस्थेत सागाचा मुंडा पावसाळ्यामागून पावसाळे काढतो. लाकडाच्या नैसर्गिक टिकाऊपणाची यापेक्षा कठोर परीक्षा प्रयोगशाळेलाही सहज योजता येणार नाही, आणि पुढे पाहिले तर प्रयोगशाळेने जी परीक्षा योजली ती जवळपास हीच होती.

१८५३ हे वर्ष या विषयात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी मुंबईहून ठाण्याला गेली, आणि पुढच्याच महिन्यात झालेल्या तहाने निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला. कापसाच्या ओढीने हा लोहमार्ग भुसावळकडून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा पूर्णेच्या खोऱ्यातून पुढे सरकला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. अमरावती शहर बडनेऱ्याहून फाटा काढून जोडले गेले. रुळांखाली आडव्या घालायच्या लाकडी स्लीपरांची गरज त्या काळी दर मैलाला सुमारे १,७६० ते २,००० इतकी असे. एवढा पुरवठा तातडीने करणे देशी जंगलांना झेपत नव्हते, कारण लाकूड होते तेथे रस्ते नव्हते. परिणामी या कंपनीने आरंभीच्या काळात इंग्लंडहून क्रिओसोट पाजलेल्या पाईनच्या स्लीपर आणवल्या, म्हणजे उत्तर युरोपातील मऊ लाकूड डांबरी तेलात भिजून आणि सुएझ कालव्यापूर्वीच्या त्या काळात आफ्रिकेला वळसा घालून, ज्या प्रदेशाच्या डोंगरात साग उभा होता त्या प्रदेशाकडे येत राहिले. देशी जंगलांवर पडलेल्या ताणातूनच १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस यांची हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली आणि राखीव जंगलांचे धोरण आकाराला आले. मेळघाटही त्या धोरणात आला.

क्रिओसोट हे दगडी कोळशाच्या डांबराच्या ऊर्ध्वपातनातून मिळणारे जड, उग्र वासाचे तेल. ते लाकडात खोलवर घालण्याची पद्धत जॉन बेथेल या इंग्रज संशोधकाने १८३८ मध्ये पेटंट केली. वाळलेले लाकूड लोखंडी बंद नळकांड्यात ठेवायचे, आतली हवा पंपाने ओढून घ्यायची म्हणजे लाकडाच्या पेशींतील हवाही बाहेर येते, मग गरम तेल सोडून ते दाबाखाली आत रेटायचे. यात पेशींची पोकळी तेलाने भरून राहते, म्हणून या पद्धतीला पूर्णपेशी पद्धत म्हणतात. पुढे १९०२ मध्ये जर्मनीत मॅक्स रूपिंग यांनी आधी हवेचा दाब देऊन नंतर जादा तेल परत बाहेर येईल अशी रिक्तपेशी पद्धत काढली, ज्यात तेल वाचते आणि पेशींच्या भिंती तेवढ्या माखलेल्या राहतात. ब्रशने लावलेला लेप आणि दाबाने दिलेला उपचार यांत फरक आहे तो एवढाच, पण निर्णायक: लेपाला एक बारीक तडा गेला की त्याचे काम संपते.

हिंदुस्थानात या विषयाचे पद्धतशीर संशोधन १९०६ मध्ये स्थापन झालेल्या देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सुरू झाले. तेथे आर. एस. पीअर्सन यांनी रेल्वे स्लीपरवरील उपचारांचा अभ्यास केला. याच संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये ‘अॅस्क्यू’ हे मिश्रण सिद्ध केले. त्यात आर्सेनिक पेंटॉक्साइड, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि सोडियम किंवा पोटॅशियम डायक्रोमेट अशी तीन द्रव्ये पाण्यात विरघळवलेली असतात. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक कीटकांना, आणि डायक्रोमेट या दोघांना लाकडाच्या धाग्यांशी असे बांधून टाकते की पावसाच्या पाण्याने ती सहज धुऊन जात नाहीत. आधीच्या पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांची खोड नेमकी हीच होती, की ते जसे आत जात तसेच बाहेरही येत. कामेसम यांच्या या शोधाचे वंशज असलेले तांबे-क्रोम-आर्सेनिक मिश्रण पुढची सुमारे सत्तर वर्षे जगभर वापरले गेले, आणि एका भारतीय अभियंत्याच्या इतक्या दूरवर पोहोचलेल्या कामाची दखल भारतीय पाठ्यपुस्तकांनी फारच थोडी घेतली आहे.

उपचार झाला हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न उपचाराइतकाच मोठा. त्याची पहिली कसोटी वजनाची: नळकांड्यात जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर लाकूड तोलले की दर घनमीटरला किती द्रव्य आत राहिले ते कळते, जमिनीत पुरायच्या लाकडात तांबे-क्रोम-आर्सेनिकाचे प्रमाण सर्वसाधारणपणे ८ किलो किंवा त्याहून अधिक धरले जाते. दुसरी कसोटी खोलीची. पोकळ गिरमिटाने खांबातून पेन्सिलीएवढा नमुना काढतात आणि त्यावर क्रोम अॅझुरॉल नावाच्या रंगद्रव्याचा फवारा मारतात. जेथवर तांबे पोहोचले तेथवर लाकूड गडद निळे होते आणि पुढे एकदम तांबूस राहते, त्यामुळे उपचार कोठे थांबला ती रेघ उघड्या डोळ्यांना दिसते. तिसरी आणि अंतिम कसोटी जमिनीची. सुमारे ६० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर चौरस जाडीच्या खुंट्या ओळीने अर्ध्या पुरायच्या, ठरावीक अंतराने उपटून पाहायच्या आणि त्यांचा क्षय नोंदत राहायचे. खुंट्यांच्या ओळी थडग्यांसारख्या दिसतात म्हणून या पद्धतीला दफनभूमी-चाचणी म्हणतात. तिच्या आधारे भारतीय मानकांत मध्यकाष्ठाचे तीन वर्ग केले आहेत: सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकणारे पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्यात, आणि त्याहून कमी टिकणारे तिसऱ्यात. साग पहिल्या वर्गात येतो. हे महिने जमिनीत अर्ध्या गाडलेल्या लहान खुंटीचे आहेत, घरातल्या कोरड्या तुळईचे नव्हेत, ही गोष्ट लाकडाच्या जाहिरातींत सोयीस्करपणे गाळली जाते.

एवढे शास्त्र देशात उपलब्ध असूनही वऱ्हाडच्या गावगाड्यात दाबाखालच्या उपचाराने मूळ धरले नाही. दाबाचे नळकांडे, पंप आणि साठवण टाक्या यांचा खर्च सतत आणि मोठ्या प्रमाणावर माल आला तरच परवडतो. तो रेल्वेला किंवा तारखात्याला जमे, खांबापुरते लाकूड घेणाऱ्या शेतकऱ्याला नाही. शिवाय उपचाराचा खरा लाभ सालईसारख्या दुय्यम लाकडाला मिळतो, तर वऱ्हाडी घराची प्रतिष्ठा सागवानाशी बांधलेली. परतवाड्याच्या आगारात लिलावाने निघणारे मेळघाटचे ओंडके महाग झाले तेव्हा लोक उपचार केलेल्या सालईकडे वळले नाहीत; ते लोखंड आणि सिमेंटकडे वळले, किंवा पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान विकत घेऊ लागले. या दुसऱ्या पर्यायामागे व्यवहारज्ञान आहे, कारण शंभर वर्षे भार वाहिलेल्या तुळईने स्वतःची चाचणी आधीच दिलेली असते. रेल्वेनेही पुढे काँक्रीटच्या स्लीपर स्वीकारल्या. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाल्यावर आणि १९९६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने वनतोडीवर कडक बंधने घातल्यावर नैसर्गिक जंगलातील जुन्या सागाची आवक पूर्वीसारखी राहणे शक्य नव्हते.

दरम्यान खुद्द रसायनांची प्रतिष्ठाही ओसरली. आर्सेनिकाच्या विषारीपणामुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडातून तांबे-क्रोम-आर्सेनिक मागे घेण्यात आले आणि युरोपानेही त्यावर निर्बंध आणले. त्याच्या जागी बोरॉनची, म्हणजे बोरॅक्स व बोरिक अॅसिडची, मिश्रणे पुढे आली. धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने ज्या बांबूकामाला मेळघाटात बळ दिले, त्या क्षेत्रात सर्वत्र हाच उपचार रूढ आहे. बोरॉन ओल्या लाकडात पाण्याबरोबर आपोआप आत पसरतो, त्याला दाबाच्या यंत्राची गरज नसते, मात्र तो धाग्यांशी बांधला जात नाही आणि पावसात उघडे राहिलेले सामान तो सोडून जातो.

आज या उपचाराची सर्वाधिक गरज सागालाच आहे. शेताच्या बांधावर किंवा लागवडीत वाढवून पंधरा-वीस वर्षांत तोडलेल्या सागात रसकाष्ठाचा वाटा मोठा असतो, तरी बाजारात तो सागवान या नावावरच विकला जातो, आणि घेणारा त्या नावाबरोबर मेळघाटच्या जुन्या ओंडक्याचे आयुष्यही मिळाले असे समजतो. सागाचा गाभा कोणतेही द्रव्य जवळजवळ शोषून घेत नाही. रसकाष्ठ मात्र ते सहज घेते, म्हणजे संरक्षण जेथे हवे नेमके तेथेच औषध पोहोचते. घरातल्या चौकटी-दारांसाठी असे कोवळे सागवान कापल्याबरोबर, ओले असतानाच, बोरॅक्स-बोरिकच्या द्रावणात बुडवून काही दिवस झाकून ठेवले आणि मग सावलीत वाळवले, तर भुंगेऱ्यांचा उपद्रव टळतो. त्यासाठी आरागिरणीच्या आवारात एक हौद पुरतो.