कमर्शियल डायव्हर नेमकं काय काम करतो? नुसतं पट्टीचं पोहता येऊन का भागत नाही?

२७ जुलै २०१९. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाची पथकं आली. त्यात पाणबुडेही होते. सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या लोकांना पाणबुडा म्हटलं की असंच काहीतरी आठवतं. पूर आला किंवा कुणी बुडालं की धावून येणारा माणूस. पण पाण्याखाली जाणारे आणखी एक लोक असतात, जे बातम्यांत फारसे दिसत नाहीत. ते पाण्यात माणूस शोधायला नाही, तर ड्युटीवर जातात. त्यांना म्हणतात कमर्शियल डायव्हर.

हे लोक काम कुठे करतात?

मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, भर समुद्रात ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये इथे तेल सापडलं. पाण्याची खोली साधारण ७५ मीटर. तिथल्या प्लॅटफॉर्मचे पाय, तळावरच्या पाइपलाइन, त्यांचे जोड, व्हॉल्व्ह यांची तपासणी आणि दुरुस्ती डायव्हर करतात. बंदरात जेट्टीचे खांब आणि जहाजांचे तळ तपासायलाही तेच लागतात.

घराजवळचं उदाहरण घ्या. बारवी धरण, उल्हास नदीवरचे बंधारे आणि जॅकवेल यांच्या भरवशावर या पट्ट्यातले नळ आणि कारखाने चालतात. अशा ठिकाणी पाण्याखालची जाळी तुंबली किंवा दरवाजाच्या खाचेत ओंडका अडकला, तर दर वेळी सगळं पाणी काढून दुरुस्ती करणं शक्य नसतं. तिथे डायव्हर उतरवावा लागतो.

पाण्यात उतरणं म्हणजे फक्त कामावर पोचणं

बदलापूरहून लोकल पकडून सीएसएमटीला पोचणं ही काही नोकरी नाही. नोकरी त्यानंतर सुरू होते. इथेही तसंच आहे. डायव्हिंग हा फक्त रस्ता. खाली पोचल्यावर वेल्डिंग, कटिंग, फिटिंग, रिगिंग किंवा तपासणी यातलं काहीतरी हातात असावंच लागतं.

तेही कसं करायचं? गढूळ पाण्यात अनेकदा स्वतःचा हातही दिसत नाही. मग बोल्ट, चीर, जोड हे सगळं बोटांनी ‘बघायचं’ आणि हेल्मेटमधल्या फोनवरून वरच्या सुपरवायझरला नेमक्या शब्दांत सांगायचं. वेल्डिंग करताना करंट सुरू किंवा बंद करायचं बटण वरच्या माणसाच्या हातात असतं. खालचा सांगेल तेव्हाच तो करंट सोडतो. शब्दांचा घोळ झाला तर जिवावर बेततं.

म्हणून हे एकट्याचं काम नाही. वरून हवा पुरवून डायव्हिंग करताना आंतरराष्ट्रीय प्रथेनुसार किमान ५ जणांची टीम लागते. सुपरवायझर, पाण्यातला डायव्हर, त्याची नळी सांभाळणारा, मदतीला तयार बसलेला दुसरा डायव्हर आणि त्याची नळी सांभाळणारा.

शरीरावर काय होतं?

समुद्रात दर १० मीटरला दाब १ वातावरणाने वाढतो. म्हणजे ३० मीटरवर पृष्ठभागाच्या चौपट. या दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. डायव्हर घाईने वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. त्यातून सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून ठरलेल्या वेळापत्रकाने, थांबत थांबतच वर यायचं.

साधारण ५० मीटरच्या खाली हवा वापरत नाहीत. हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण वापरतात. मोठ्या कामांत डायव्हर जहाजावरच्या दाबाच्या चेंबरमध्येच राहतात. खाणं-झोपणं तिथेच. साधारणपणे जास्तीत जास्त २८ दिवस. हेलियममुळे आवाज इतका चिरका होतो की बोलणं समजण्यासाठी वेगळं यंत्र लागतं.

न दिसणारा धोका

धरण आणि जॅकवेलमध्ये सगळ्यात मोठी भीती ओढीची. दरवाजाच्या एका बाजूला १० मीटर पाणी आणि दुसरीकडे रिकामं असेल, तर एक फूट लांब-रुंद भोकावर साधारण ९०० किलोचा जोर येतो. हात किंवा पाय त्यात ओढला गेला, तर कितीही ताकदवान माणूस तो सोडवू शकत नाही. विशेष म्हणजे जवळ जाईपर्यंत ही ओढ जाणवतही नाही. म्हणून डायव्हर उतरण्याआधी पंप बंद करून, दरवाजे लॉक करून, चाव्या ताब्यात घ्याव्या लागतात.

या क्षेत्रात यायचं असेल तर?

आधी मेडिकल. कान, सायनस, फुफ्फुसं आणि हृदय ठणठणीत हवं. ही तपासणी दरवर्षी होते. मग हातात एखादा ट्रेड हवा. अंबरनाथ किंवा उल्हासनगरच्या आयटीआयमधून वेल्डर, फिटर झालेल्या मुलाचा निम्मा पाया इथेच तयार असतो. त्यानंतर वरून हवा पुरवून करायच्या डायव्हिंगचा कोर्स. अनुभव आला की खोल पाण्याचा वेगळा कोर्स.

एक गैरसमज मात्र टाळा. तारकर्लीला स्कूबा शिकून मिळणारं कार्ड हौशी डायव्हिंगसाठी असतं. त्यावर कमर्शियल काम मिळत नाही. कोर्सचे पैसे भरण्याआधी, इम्का ही आंतरराष्ट्रीय संघटना ते सर्टिफिकेट मानते का, हे तिच्या यादीत स्वतः तपासा. ऑफशोअर कंपन्या साधारणपणे तेच बघतात.

आणि सोसायटीची टाकी असो, विहीर असो की जॅकवेल, ‘गावातला चांगला पोहणारा पोरगा आहे, त्याला उतरवू’ असं कुणी म्हणालं, तर त्याला तीन प्रश्न विचारा. पंप बंद करून लॉक केलाय का? आतली हवा श्वास घेण्याजोगी आहे का? आणि तो अडकला, तर त्याला बाहेर काढायला तयारीचा दुसरा माणूस कुठे आहे? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याला उतरवू नका.