‘किंवा’चा कज्जा

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचे वडील एक इंग्रजी नोटीस घेऊन माझ्याकडे आले. नोटिशीत लिहिलं होतं, "स्टुडंट्स हू हॅव नॉट पेड द फी ऑर सबमिटेड द फॉर्म विल नॉट गेट हॉल तिकीट."

ते म्हणाले, "सर, फी तर मी भरलीय. फक्त फॉर्म राहिला. मग मुलीला का अडवलं?"

मी कागदावर मांडून पाहिलं. ‘फी भरली’ म्हणजे क, ‘फॉर्म दिला’ म्हणजे ख. वाक्यातला ‘नॉट’ सबंध ‘क किंवा ख’ला लागतो. म्हणजे ज्याने दोन्हींपैकी एकही केलेलं नाही, त्यालाच तिकीट नाही. ऑफिसला मात्र म्हणायचं होतं, ‘क आणि ख’ दोन्ही झालेलं हवं. एक जरी राहिलं तरी तिकीट नाही. शब्दाला धरून पाहिलं तर बाप बरोबर होता.

नकार आत नेला की ‘किंवा’चं ‘आणि’ होतं आणि ‘आणि’चं ‘किंवा’. हा नियम आज ऑगस्टस डी मॉर्गनच्या नावाने शिकवतात. हा इंग्रज गणिती 1806 साली आपल्याकडे मदुराईत जन्मला. 1847 साली त्याचा तर्कशास्त्रावरचा ग्रंथ आला आणि त्याच वर्षी जॉर्ज बूलचंही तर्काचं गणित मांडणारं पुस्तक निघालं. पण बूलची बेरीज अशाच गोष्टींना लागू होती ज्या एकमेकींत मिसळत नाहीत. ‘दोन्ही असले तरी चालेल’ हा ‘किंवा’ जेव्हन्सने पुढे 1860 च्या दशकात आणला.

हे वाचताना मला मंतिक आठवलं. दर्स-ए-निजामीत शिकवल्या जाणाऱ्या मंतिकच्या किताबांत विधानाला ‘कजिया’ म्हणतात. मराठीतला कज्जा हाच शब्द! ‘जर-तर’चा कजिया मुत्तसिला, ‘एक तर हे, नाही तर ते’ हा मुनफसिला. इब्न सिनाने (मृत्यू 1037) या शर्ती विधानांवर सविस्तर लिहिलं. नंतरच्या किताबांत मुनफसिलाचे तीन प्रकार पक्के झाले.

पहिला, हकीकिया: संख्या सम असेल किंवा विषम. दोन्ही नाही, आणि एकही नाही असंही नाही. दुसरा, मानिअतुल-जमा: ही वस्तू झाड आहे किंवा दगड. दोन्ही असू शकत नाही, पण दोन्ही नसू शकते. तिसरा, मानिअतुल-खुलू: जैद समुद्रात आहे किंवा बुडत नाहीये. दोन्ही असू शकतं, म्हणजे तो समुद्रात पोहत असेल. पण एकही नाही असं होत नाही.

जेव्हन्सचा ‘किंवा’ या तिसऱ्या घरात बसतो. इंग्रजीतला ‘टी ऑर कॉफी’ बहुधा दुसऱ्या घरातला: एकच कप मिळणार, नको म्हटलं तरी चालतं.

म्हणून ‘हे सगळं आपल्याकडे आधीच होतं’ असं म्हणायचं का? मी म्हणणार नाही. मंतिकने वाक्याचे अर्थ बारकाईने वेगळे केले. त्यांची बीजगणितासारखी आकडेमोड बूल आणि डी मॉर्गनने केली. दोन्ही कामं मोठी आहेत. आणि ज्ञान एकाच दिशेने वाहत नव्हतं. दिल्ली कॉलेजात उर्दूतून विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्या मास्टर रामचंद्रांचं गणिताचं पुस्तक 1850 साली कलकत्त्यात छापलं गेलं. 1859 साली ते लंडनमध्ये पुन्हा निघालं, ते याच डी मॉर्गनच्या देखरेखीखाली.

मला खंत वेगळीच आहे. मंतिक आपण परीक्षेपुरतं पाठ केलं आणि तर्कशास्त्र कॉलेजापुरतं. समोर नोटीस, करारनामा, सरकारी फॉर्म आला की ‘नॉट’ कुठपर्यंत पोचतो आणि ‘ऑर’ तिघांपैकी कोणता, हे आपण विचारत नाही. मग त्याचा अर्थ खिडकीपलीकडचा माणूस ठरवतो.

त्या मुलीने फॉर्म भरला, तिला हॉल तिकीट मिळालं. नोटीस मात्र यंदाही तीच लागली आहे.