बॉयलर ऑपरेशन इंजिनीअर : परीक्षा आणि पात्रता

साखर कारखाना असो वा औष्णिक वीजकेंद्र, तेथील मोठ्या बॉयलरचा कार्यभार नुसत्या अभियांत्रिकी पदवीच्या बळावर स्वीकारता येत नाही. बॉयलरचे तापपृष्ठ १,००० चौरस मीटरहून अधिक असल्यास प्रभारी व्यक्तीकडे ‘बॉयलर ऑपरेशन इंजिनीअर’चे प्रमाणपत्र असणे २०११च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

या दक्षतेमागे जुना इतिहास आहे. कोलकात्यात १८६३ मध्ये झालेल्या स्फोटानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये पहिला कायदा आला. पुढे १९२३ मध्ये देशव्यापी कायदा झाला. त्याची जागा आता २०२५च्या कायद्याने घेतली आहे. तरीही धोका संपलेला नाही. उत्तर प्रदेशातील उंचाहार वीजकेंद्रात नोव्हेंबर २०१७ मध्ये झालेल्या बॉयलर दुर्घटनेत चाळीसहून अधिक जणांचा बळी गेला.

परीक्षेस बसण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका आणि बॉयलरवरील प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो; पदविकाधारकांना तो अधिक वर्षांचा हवा. महाराष्ट्रात ही परीक्षा बाष्पके संचालनालयाच्या अखत्यारीत होते. लेखी परीक्षा अभ्यासाने निभावते. खरा कस लागतो तो तोंडी परीक्षेत. अनुभव केवळ कागदोपत्री असेल, तर तो येथे उघडा पडतो. उदाहरणार्थ, दर्शक काचेत पाणी दिसेनासे झाले, तर काय करावे? घाईने पाणी सोडण्याचा मोह घातक ठरतो. तापून लाल झालेल्या नळ्यांवर पडलेल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि साध्या वातावरणीय दाबाला ती पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा व्यापते. म्हणून आधी आग बंद करावी लागते.