शिरपूरचे अष्टेकर आणि कापडाचे धागे



मागच्या आठवड्यात आपल्याकडे एक मेसेज फिरला, "आपला शिरपूरना पोऱ्याने देवकण शोधला." पांडेसऱ्यात धुळे-नंदुरबारकडची घरं एवढी, की दोन तासांत तो मला सात जणांनी पाठवला. आता बँकेत जन्म काढलेला माणूस व्हाउचर बघितल्याशिवाय एन्ट्री पास करत नाही. बघितलं, तर माणूस खरा निघाला, काम मात्र दुसरंच. आणि मला विचाराल तर देवकणापेक्षा कमी नाही.

अभय अष्टेकर. जन्म ५ जुलै १९४९, शिरपूर, तेव्हाचा पश्चिम खान्देश. लहानपण मात्र महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या गावांत आणि मुंबईत गेलं, त्यामुळे "शिरपूरच्या मातीने घडवलं" वगैरे लिहू नये. पुढे अमेरिका. १९७४ साली शिकागो विद्यापीठातून रॉबर्ट गेरोच यांच्याकडे पीएच.डी. त्याच सुमारास मी बी.कॉम. होऊन कॅश काउंटरला बसलो होतो.

त्यांचा प्रश्न मी माझ्या भाषेत सांगतो. भौतिकशास्त्राची दोन खातेवह्या आहेत. एक आइनस्टाइनची, १९१५ ची, ग्रह-तारे आणि गुरुत्वाकर्षणाची. दुसरी क्वांटमची, अणू आणि त्याहून बारीक कणांची. दोन्ही आपापल्या जागी चोख, पण एकत्र टॅली करायला गेलं की जुळत नाहीत. एरवी फरक सस्पेन्स खात्यात टाकून काम चालतं. पण कृष्णविवराच्या पोटात आणि विश्वाच्या सुरुवातीला दोन्ही वह्या एकदम उघडाव्या लागतात.

१९८६ मध्ये अष्टेकरांनी आइनस्टाइनची समीकरणं नव्या रूपात मांडली. रक्कम तीच, फक्त लिहायची पद्धत बदलली. त्यामुळे ती कणभौतिकीतल्या समीकरणांसारखी दिसू लागली आणि तिकडची हत्यारं इकडे चालवता आली. जगभर त्यांना 'अष्टेकर व्हेरिएबल्स' म्हणतात. त्यावर कार्लो रोव्हेली, ली स्मोलिन यांच्यासोबत 'लूप क्वांटम ग्रॅव्हिटी' उभी राहिली.

यातली एक गोष्ट आपल्या लोकांना कुणी समजवायची गरज नाही. ग्रे ताका लांबून सपाट, अखंड दिसतो. भिंग लावा, ताणा-बाणा मोजता येतो. हा सिद्धांत म्हणतो, अवकाशही तसंच आहे. लहान करत करत गेलं, तर मीटरच्या दशांश चिन्हानंतर चौतीस शून्यं आणि मग एक, एवढ्या बारीक मापाला ते अखंड राहत नाही, क्षेत्रफळाचे ठरावीक तुकडेच मिळतात. या तिघांनी १९९२ मध्ये लिहिलेल्या लेखाच्या नावातच क्वांटम धाग्यांनी विणण्याची भाषा आहे! लूमवर बारा-बारा तास उभ्या राहिलेल्या आपल्या माणसांना हे कळलं असतं तर काय वाटलं असतं, मला फार वाटतं.

२००६ मध्ये पॉव्हलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांच्याबरोबर त्यांनी गणित करून दाखवलं, की महास्फोट ही सुरुवात नसेलही. आधीचं आकुंचन पावणारं विश्व तिथून चेंडूसारखं उसळलं असेल. २०१८ ला अमेरिकन फिजिकल सोसायटीने त्यांना आइनस्टाइन पुरस्कार दिला.

हे सगळं मी वाचलं ते नातीमुळे. बारावी सायन्सला आहे, तिला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करायचंय. मुलगा म्हणतो कॉम्प्युटर इंजिनीअरिंग. त्याचंही चूक नाही, आपण इथे पोटासाठीच आलो. तिने विचारलं, "आबा, त्यांचं हे प्रयोगात सिद्ध झालंय का?" म्हटलं, नाही, अजून नाही. "मग इतकी वर्षं का केलं?"

मी म्हटलं, जुळत नव्हतं म्हणून. वर्षअखेरीला चार आण्यांच्या फरकासाठी आम्ही रात्री दोनपर्यंत बसायचो, ते काय चार आण्यांसाठी?

मुलगा हे ऐकत होता. काही बोलला नाही. फॉर्म भरायला अजून वेळ आहे.

आणि तो देवकणाचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका.