आमचे रिपब्लिकन सिनेटर

गेल्या शनिवारी अमेरिकन राजकारणावर काहीबाही वाचत पडलो होतो. (हिंजवडीत राहणाऱ्या माणसाने शनिवारी घराबाहेर पडू नये, हे माझं ठाम मत आहे.) त्यात एडवर्ड ब्रुक नावाचा माणूस भेटला. १९६७ ते १९७९ मॅसॅच्युसेट्सचा सिनेटर. पक्ष रिपब्लिकन, विचार उदारमतवादी. थेट लोकांच्या मतांवर सिनेटवर गेलेला पहिला कृष्णवर्णीय, आणि तोही बहुसंख्य गोऱ्या मतदारांच्या राज्यातून. वॉटरगेटमध्ये निक्सनचा राजीनामा जाहीरपणे मागणारा पहिला रिपब्लिकन सिनेटर हाच.

वाचता वाचता हसू आलं. 'रिपब्लिकन' हा शब्द मी अकोल्यात भिंतींवर निळ्या रंगात वाचलेला. तिकडच्या रिपब्लिकनांचं चिन्ह हत्ती आणि एकेकाळी आपल्याकडच्यांचंही हत्तीच! मग डोक्यात किडा वळवळला: आपल्याकडे असा 'लिबरल रिपब्लिकन सिनेटर' कोण? उत्तर अकोल्याहून शंभरेक किलोमीटरवर होतं. अमरावतीचे रा. सू. गवई. लोकांचे दादासाहेब.

दर्यापूर तालुक्यातलं दारापूर हे त्यांचं गाव, जन्म १९२९ चा. बाबासाहेब गेल्यावर १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि लवकरच फुटायलाही लागला. पुढे गवई गट, खोब्रागडे गट, कांबळे गट अशी नावं पडली. यातला पहिला आपल्या दादासाहेबांचा.

१९६४ मध्ये ते विधान परिषदेत गेले आणि १९९४ पर्यंत तिथेच होते. सलग तीस वर्षं! १९६८ ते ७८ उपसभापती, वि. स. पागे यांच्यानंतर १९७८ ते ८२ सभापती, पुढे विरोधी पक्षनेतेही. परिषद म्हणजे आपलं छोटं सिनेटच. सभागृह कधी विसर्जित होत नाही, मुदत सहा वर्षांची, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त. फरक एवढाच, की ब्रुकला सगळ्या राज्याकडे मतं मागावी लागली. परिषदेत सर्वसामान्य मतदार कुठेच येत नाही. तिथे छोट्या पक्षाचा माणूस तीस वर्षं टिकतो तो मोठ्या पक्षाशी जमवून घेऊन. मोठा पक्ष म्हणजे अर्थातच काँग्रेस.

आमच्या घरात भांडण पेटतं ते इथेच. मामा अमरावतीचा, बाबा अकोल्याचे. दिवाळीच्या फराळात हा विषय चकलीइतकाच ठरलेला. मामा म्हणतो, "भाऊजी, सभागृहात आपला माणूस बसला तं चार कामं होते. बाहेरून नुसत्या घोषणा देऊन काय भेटते?" बाबांचं उत्तर ठरलेलं: "तं मंग येगळा पक्ष कायले काढला?"

बाबांच्या बाजूने एक गोष्ट आहे, जी मला झोपू देत नाही. १९७४ साली अकोला जिल्ह्यातल्या ढाकळी गावात दोन दलित भावांचे डोळे काढले गेले. त्यांच्यातल्या एकाच्या मुलीला फसवणाऱ्या गावातल्या बड्या घराकडे जाब मागितला, एवढाच गुन्हा. या भावांचं आडनावही गवईच. त्या वेळी अमरावतीचे गवई परिषदेचे उपसभापती होते. आपला माणूस आत असून काय झालं, हा प्रश्न तेव्हाच्या पोरांनी विचारला असेल तर त्यांना दोष कसा द्यायचा? दलित पँथर १९७२ मध्ये निघाली तीच मुळी रिपब्लिकन नेत्यांच्या गटबाजीला वैतागून.

पण मामाचंही ऐकलं पाहिजे. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत सगळे गट एकत्र आले, काँग्रेसशी युती केली आणि महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन खासदार निवडून आले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबईतून रामदास आठवले. चारही जागा खुल्या, एकही राखीव नाही. मी तेव्हा दुपट्यात होतो, पण अकोला आणि अमरावती एकाच वेळी निळे झाले ते वर्ष मामा अजून सणासारखं सांगतो. जमवून घेण्याचं एवढं घसघशीत फळ ना त्याआधी मिळालं ना त्यानंतर.

ते तेरा महिने टिकलं. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. लोक गिरिधर गमांग आणि सैफुद्दीन सोझ यांची नावं घेतात, पण सरकारविरुद्ध पडलेल्या मतांत ही चार मतंही होती. सरकार गेलं, लोकसभा गेली. पुढच्या निवडणुकीत अमरावती परत शिवसेनेच्या अनंत गुढे यांच्याकडे. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर पुन्हा आले, पण २००४ पासून लोकसभेत तेही नाहीत. म्हणजे काँग्रेसचा हात धरणारा रस्ता अन् झटकणारा रस्ता, दोन्ही शेवटी मुर्तिजापूरच्या फाट्यावर बस बंद पडल्यासारखे अडकले. हे मी दोघांना सांगितलं, तर दोघेही माझ्यावरच घसरले :)

गवई मात्र २००० मध्ये राज्यसभेत गेले, २००६ मध्ये बिहारचे राज्यपाल झाले, २००८ मध्ये केरळचे. 'मवाळ' म्हणून हिणवलेल्या या माणसाने वयाच्या ऐंशीच्या घरात एक कडक निर्णय घेतला. लावलिन प्रकरणात माकपचे राज्य सचिव पिनराई विजयन यांच्यावर खटला भरायला सीबीआयला परवानगी हवी होती. मंत्रिमंडळाचा सल्ला होता, देऊ नका. राज्यपालांनी जून २००९ मध्ये दिली. केरळात गदारोळ झाला. पुढे २०१३ मध्ये कोर्टाने विजयन यांना दोषमुक्त केलं, २०१७ मध्ये हायकोर्टाने ते कायम ठेवलं. मला विचाराल तर, निवडून आलेल्या मंत्रिमंडळाचा सल्ला डावलणं बाबासाहेबांच्या घटनेत नीट बसत नाही. पण दिल्लीत काँग्रेसचं सरकार होतं म्हणून हे केलं, एवढ्यावर त्या निर्णयाची बोळवण करणंही मला पटत नाही. आयुष्यभर सल्लामसलतीने चाललेला माणूस तिथे एकटा उभा राहिला.

नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप हेही त्यांच्या खात्यावरचं काम. स्मारक समितीचे ते अध्यक्ष होते. डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी स्तूपाचं उद्घाटन केलं. ही गोष्ट मात्र बाबाही मुकाट मान्य करतात.

ब्रुक २०१५ च्या जानेवारीत गेले, गवई त्याच वर्षी २५ जुलैला, नागपुरात. अंत्यसंस्कार दारापूरला झाले. दहा वर्षांनी, १४ मे २०२५ ला, त्यांचे चिरंजीव भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले, त्या खुर्चीवरचे पहिले बौद्ध. नोव्हेंबरात निवृत्तही झाले. शपथविधीच्या दिवशी मामाचा फोन आला, बाबांसाठी. बाबांनी स्पीकर लावला आणि पलीकडून काही यायच्या आत म्हणाले, "हो, पाह्यलं. पण हे काही काँग्रेसनं देल्लं नाही."