रानपिंगळ्याचा खोटा पत्ता

1872 साली आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट यांच्या हाती एक वीतभर घुबड लागलं. पुढच्याच वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी (होय, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम) ही नवी जात असल्याचं जाहीर करून तिला ब्लेविट यांचं नाव दिलं. गावातल्या ठिपक्यांच्या पिंगळ्यासारखाच हा रानपिंगळा दिसतो, पण याच्या डोक्यावर ठिपके जेमतेम आणि पंजे मात्र दणकट. पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, आणखी काही पक्षी मारले. 1884 नंतर मात्र रानपिंगळा गायब झाला. मागे उरले ते संग्रहालयांतले मोजके नमुने.

आणखी एक नमुना पुढे आला तो ब्रिटिश पक्षितज्ज्ञ कर्नल रिचर्ड माइनर्त्झहागेन यांच्या संग्रहातून. 1914 साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला हा पक्षी आपण मारला, असं नमुन्याला लावलेली त्यांची चिठ्ठी सांगत होती. मोठ्या माणसाची चिठ्ठी, कोण शंका घेणार? सत्तरच्या दशकात पक्षितज्ज्ञ सालिम अली आणि डिलन रिप्ले यांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला. पक्षी मिळाला नाही.

अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी आधी जंगल नाही, तर संग्रहालयांची कपाटं धुंडाळली. माइनर्त्झहागेनचा पक्षी क्ष-किरणांखाली पाहिला, तेव्हा आतल्या जुन्या भरणीच्या खुणा बोलू लागल्या. तो डेव्हिडसनचाच पक्षी होता! ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला.

शोधायच्या ठिकाणांच्या यादीतून मांडवी गळलं. रासमुसेन आणि त्यांचे सोबती बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा उघड्यावर बसलेला दिसला. लपण्याची त्याला सवयच नाही. तो दिवसा हिंडतो, सागाच्या विरळ रानात फांदीवर बसून शेपटी झटकतो आणि सरडे, उंदीर, नाकतोडे टिपतो. त्या 113 वर्षांत तिथल्या भिल-पावरांच्या नजरेला तो कधी पडलाच नसेल, असं मानणं कठीण. हरवला होता तो पुस्तकांतून.

नंतर मेळघाटात त्याचा तपशीलवार अभ्यास झाला. झाडांच्या ढोल्यांत घरटी करणाऱ्या या पक्ष्याला जुनी झाडं लागतात, आणि तोड, अतिक्रमण, वणवे यांचा पहिला घाव त्यांच्यावरच पडतो. 2014 साली तो मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या जंगलात सापडला, तेव्हा भलेभले चकित झाले. गुजरातेतल्या डांगच्या पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. कर्नलसाहेबांच्या चिठ्ठीतलं गाव खोटं निघालं, राज्य तेवढं चुकून बरोबर होतं.