बऱ्हाणपूरची पांढर आणि पुराविद्येचा पहिला धडा

मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या असीरगडाच्या परिसरात एक विलक्षण दृश्य दिसू लागले. अंधार पडला की माणसे कुदळी, फावडी आणि चाळण्या घेऊन शेतात उतरत व दिव्यांच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत माती उपसत. मोगलांचा खजिना या भागात पुरलेला आहे अशी वदंता होती आणि संभाजी महाराजांच्या जीवनावरील एका चित्रपटाने तिला नवे बळ दिले होते. अखेर पोलिसांना धाव घ्यावी लागली. शेतात मागे राहिले ते खड्डे.

या लोकांना हसणे सोपे आहे. परंतु त्यांचा कयास अगदीच निराधार होता असे नव्हे. फारुकी सुलतानांनी तापीकाठी वसवलेले हे नगर अकबराच्या हाती आले, १६०१ मध्ये असीरगडही पडला आणि हे नगर पुढे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ठाणे झाले. येथे मोगलांची टांकसाळ होती. १६८१ च्या आरंभी मराठ्यांनी बऱ्हाणपूरजवळचे श्रीमंत बहादुरपूर लुटले. अशा धामधुमीच्या मुलखात कोणी घरातले किडूकमिडूक जमिनीत पुरून पळाला असेल, तर त्यात नवल कसले?

नवल वेगळेच आहे. विद्यापीठात पुराविद्येच्या पहिल्या वर्गात दाखल होणारा विद्यार्थीही बहुधा याच स्वप्नाने आलेला असतो. राजमुद्रा, ताम्रपट, सुवर्णनाणी यांची चित्रे त्याच्या डोळ्यांपुढे तरळत असतात. त्याच्या हाती मात्र पहिल्या दिवशी एक पाण्याची बादली, एक ब्रश आणि पाटीभर खापरे येतात. खापरे धुवावयाची, वाळवावयाची आणि प्रत्येक तुकड्यावर बारीक अक्षरात स्थळाची खूण, खड्ड्याचा व थराचा क्रमांक घालावयाचा. हे काम आठवडेच्या आठवडे चालते. इतिहास किंवा संस्कृत घेऊन पदवीधर झालेल्या तरुणाला ही मजुरीच वाटते, आणि काही जण येथेच कंटाळतात.

महाराष्ट्रात या शिक्षणाची घडी बसवली ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी. १९३९ मध्ये ते तेथे रुजू झाले. त्यापूर्वी लंडनला शिकत असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल येथील उत्खननात त्यांनी स्वतः काम केले होते. पुढे व्हीलर भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले व १९४४ साली त्यांनी तक्षशिलेला तरुणांसाठी उत्खननाची शाळाच भरवली. त्यांची पद्धत सांगावयास सोपी, पाळावयास कठीण. जमिनीवर खुंट्या ठोकून सुतळीने चौरस आखावयाचे, दोन चौरसांमध्ये न खणलेला बांध राखावयाचा, आणि त्या बांधाच्या उभ्या भिंतीत मातीचे थर वाचावयाचे.

‘वाचावयाचे’ हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे. नवख्याला भिंतीत एकच करडी माती दिसते. काही दिवसांनी डोळा सरावतो. मग राखेचा पट्टा, चोपलेली जमीन, उंदराचे बीळ आणि नंतर कोणी खणलेला खड्डा वेगवेगळे दिसू लागतात. चोपलेल्या, अभंग जमिनीखाली एखादे नाणे सापडले, तर ती जमीन त्या नाण्याच्या सालापूर्वीची असू शकत नाही. आणि वरून खणलेल्या खड्ड्यातून तेच नाणे खाली गेले असेल, तर हा पुरावा उरत नाही. इतका साधा तर्क समजण्यास पुस्तकातील दहा पाने अपुरी पडतात. खड्ड्यात उभे राहिले की एका दुपारी तो उमगतो.

१९५२-५३ मध्ये पुणे आणि बडोदे येथील पथकांनी महेश्वर व नर्मदेच्या पैलतीरावरील नावडातोली येथे एकत्र उत्खनन केले. हा मुलूखही निमाडचाच. बऱ्हाणपूर २००३ पर्यंत पूर्व निमाड जिल्ह्यात होते. नावडातोलीला खजिना सापडला नाही. पुढे १९५७ ते १९५९ मध्येही तेथे काम झाले. त्या उत्खननांतून निघाल्या गोल व चौकोनी झोपड्यांच्या खुणा, लाल पृष्ठभागावर काळ्या रंगाने चितारलेली भांडी, आणि जळून कोळसा झाल्यामुळेच टिकलेले धान्य. गहू, मसूर, मूग, उडीद, वाटाणा, लाख. आणि तांदूळ मात्र आरंभीच्या थरात नाही, नंतरच्या. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या घरी काय शिजत होते, आणि भात त्याच्या ताटात केव्हा आला, हे कोणत्याही पोथीत लिहिलेले नव्हते. ज्या दाण्याचा थर नोंदला गेला नसता, तो दाणा मुका राहिला असता.

तापीचे खोरेही असे बोलके आहे. बऱ्हाणपूरच्या खालच्या अंगाला, तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासून पुढच्या वस्त्या एकावर एक आढळल्या. आपल्या शेतकऱ्याला ही टेकाडे ठाऊक असतातच. तो त्यांना पांढर म्हणतो, आणि दुर्दैवाने तिची माती खत म्हणून गाड्या भरभरून काळीत नेऊन टाकतो.

बऱ्हाणपुरात डोळ्यांना दिसणारा इतिहासच इतका आहे की पायाखालचा विसरावा. जामा मशिदीत अरबी लेखासोबत फारुकी घराण्याची वंशावळ सांगणारा संस्कृत लेख कोरलेला आहे. खानखानान अब्दुर्रहीमच्या काळात, १६१५ च्या सुमारास, डोंगराचे पाणी भूमिगत बोगद्यांतून शहरात आणणारा कुंडी भंडारा झाला. २०२४ मध्ये तो युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेला. १६३१ मध्ये मुमताजमहलचा मृत्यू येथेच झाला आणि आग्र्यास नेण्यापूर्वी सहा महिने तिचा देह तापीपलीकडील जैनाबादच्या बागेत होता. राजांचे आणि बेगमांचे हे सारे लिहिलेले आहे. ज्यांच्या कापडामुळे या शहराचे नाव परदेशी व्यापाऱ्यांच्या तोंडी होते, ते विणकर आणि रंगारी कसे राहत, काय खात, कोणत्या भांड्यात रंग उकळत, याचा पुरावा लेखात कमी आणि आजच्या घरांच्या पायाखालीच अधिक असणार.

जमिनीत सापडलेल्या धनाविषयीचा कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, असे तो सांगतो. आणि त्या कळवण्यात तीन गोष्टी मागतो: वस्तू कोणती व साधारण किती किमतीची, कोठे सापडली, आणि कोणत्या दिवशी. खापरे धुणाऱ्या विद्यार्थ्याच्या चिठ्ठीवर किंमत नसते; ठिकाण आणि तारीख असते, आणि त्यांच्या खाली थराचा क्रमांक.